देव दयाळूच आहे, मग पाप कशाला सोडायचं?

प्रश्न : पाळकसाहेब, देव क्षमा करतोच, तर पाप सोडायची निकड ती काय? धाक नसेल तर माणूस सुधारेल कसा?

उत्तर : प्रश्न जुनाच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायात पौलाने तो स्वतःच काढला आणि तिथल्या तिथे झटकूनही टाकला. त्याच पत्राच्या 2ऱ्या अध्यायात तो सांगतो की, देवाचा चांगुलपणाच माणसाला पश्चात्तापाकडे नेतो. धाकाने माणूस फार तर सावध होतो. धाक सरला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जक्कयाचं बघा (लूक 19). यरीहोचा मुख्य जकातदार, गब्बर, पण लोकांच्या मनातून पार उतरलेला. बुटका, म्हणून येशूला बघायला उंबरावर चढून बसला होता. येशूने त्याला ना हिशेब विचारला, ना चार शब्द सुनावले; आज मुक्काम तुझ्याकडे, एवढंच सांगितलं. गावाला ते रुचलं नाही. (आपल्याकडे तरी कुठे रुचलं असतं!) जक्कय मात्र आपणहून बोलून मोकळा झाला : अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रानुसार, आपणहून कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरावं लागे. बाकीचं त्याच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.