जुना प्रोसेसर, स्वस्त मदरबोर्ड

पालकहो, मुलाने ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवायला, नवा मदरबोर्ड मागितला तर आधी चिपसेट विचारा. समजा, घरात २०१७ चा रायझन ५ १६०० आहे. तो ए३२० बोर्डावर बसतो, चालतोही. पण तिथे त्याचा वेग वाढवायची सोयच नाही. म्हणजे पैसे वाया! बी३५० किंवा बी४५० मध्ये ती आहे, महागड्या एक्स३७० ची गरज नाही. रंगीत दिव्यांना भुलू नका. सॉकेटशेजारच्या वीजपुरवठ्याच्या भागांवर हीटसिंक आहे का ते बघा, वेग वाढला की तेच तापतात. आणि हो, जुना कूलर काढताना सरळ ओढू नका, हळूच फिरवून सोडवा. नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसरच वर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.