हप्ता आधी की गोळी आधी?

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातले पहिले कोरोना रुग्ण इस्लामपुरात सापडले, पाठोपाठ टाळेबंदी आली. घरकाम, बांधकाम, हमाली, बँडपथक, सांगली-साताऱ्याच्या वस्त्यांमधली रोजची मजुरी एकाएकी बुडाली. साथ ओसरली. कर्ज राहिलं. अर्थव्यवस्था सावरली असं पेपरात वाचतो, तेव्हा आम्हाला फायनान्सच्या गटातल्या बाया आठवतात. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० चे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, पण व्याज थांबलं नव्हतं. हे आम्हाला भेटलेल्या कितीतरी जणींना पुढे हप्ते वाढल्यावर कळलं.

म्हणून विहारात रक्तदाब तपासताना आम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारतो: आठवड्याला हप्ता किती? साताऱ्यात एका मावशींचा वरचा आकडा १८० च्या पुढे निघाला. गोळ्या? "हप्ता भागला की आणते." महिना झाला होता. त्यांना त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं.

बरं वाटतंय म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून ही गोळी बंद करू नका. रक्तदाब वाढलेला राहिला तर लकवा मारण्याचा धोका वाढतो, आणि लकवा झाला की घरातल्या दोन मजुऱ्या जातात: आजारी माणसाची आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याची. मग पुन्हा नवं कर्ज. ज्या गोळीवाचून हे सगळं ओढवतं, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध, कशालाच पैसे नाहीत. गोळ्या संपल्यात असं सांगितलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, कधी येतील ते विचारा. एकटीचं ऐकत नाहीत, पाचजणी मिळून जा. तोवर जनऔषधी दुकानात तीच गोळी स्वस्तात मिळते.

कमावता नवरा गेला असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. महिना १५०० रुपये आहेत. त्यात घर चालत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण तो आपला हक्क आहे, सोडू नका.

येत्या पौर्णिमेला विहारात येताना जुना केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि हप्त्याचं कार्ड, तिन्ही बरोबर आणा.