सुट्टीत वजन का घटले?

शाळेत डॉक्टर येतात, वजन व उंची मोजतात, दात, डोळे, कान पाहतात आणि कार्डावर काही आकडे लिहून निघून जातात. या आकड्यांचा उपयोग काय, असे तुमच्या मनात आले असेल. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी १९०७ साली काय घडले ते पाहू.

बोअर युद्धाच्या काळात (१८९९ ते १९०२) सैन्यभरतीला आलेले पुष्कळ इंग्रज तरुण दुबळे म्हणून परत पाठवावे लागले. त्यामुळे शाळकरी मुलांच्या प्रकृतीकडे सरकारचे लक्ष गेले. १९०६ च्या कायद्याने गरजू मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. सक्ती मात्र नव्हती. मग खर्च करावा की नाही?

ब्रॅडफर्डचे शालेय वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी वजनकाट्यालाच विचारायचे ठरवले. एप्रिल ते जुलै या काळात सुमारे ४० गरीब मुलांना शाळेच्या दिवशी सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण देण्यात आले. न्याहारीला ओटची लापशी, दूध आणि पाव. मुलांची वजने वेळोवेळी घेतली जात. पण मुले वाढत्या वयाची. त्यांचे वजन एरवीही वाढणारच! म्हणून हे जेवण न मिळणाऱ्या मुलांचा दुसरा गटही मोजला गेला. त्यांची वाढ बरीच कमी भरली. असा तुलनेचा गट नसता, तर पहिल्या गटाच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध झाले नसते.

सर्वांत बोलका भाग मात्र आलेखाच्या मधोमध आहे. मे महिन्यात व्हिट्सन सणाची सुट्टी लागली. शाळा बंद, म्हणून जेवणही बंद. वर चढणारी रेषा एकदम खाली आली! वाढत्या मुलाचे वजन आठवड्याभरात घटावे, याचा अर्थ घरी त्याला पुरेसे मिळत नव्हते. शाळा उघडली, लापशी सुरू झाली आणि रेषा पुन्हा वर चढली. एकदाच वजन घेतले असते, तर हा खळगा कोणाला दिसला असता?

१९०७ च्याच कायद्याने इंग्लंड व वेल्समधील प्राथमिक शाळांत वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. उपचार करणे मात्र स्थानिक संस्थांच्या मर्जीवर राहिले. सुट्टीच्या दिवशीही मुलांना जेवण देण्याची परवानगी कायद्याने मिळाली ती १९१४ साली.