मूल गप्प झालं, तर त्याच्यापुढे कागद ठेवा

आठवी-नववीतलं मूल. कालपर्यंत घरभर बडबड करणारं. आता शाळेतून येतं, दप्तर टाकतं आणि मोबाईल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडतं. "काय झालं?" विचारलं तर "काही नाही." पुन्हा विचारलं तर चिडतं. आई म्हणते, वयच तसं आहे. बाप म्हणतो, मोबाईल काढून घ्या. शेजारची काकी म्हणते, नजर लागली असेल. मुलाच्या मनात काय चाललंय ते तिघांनाही ठाऊक नसतं. आणि खरं सांगायचं तर मुलालाही ते शब्दांत सांगता येत नसतं.

या वेळी आरोग्य-पानावर या गप्पपणाचाच विचार करू. चित्र, लेखन, गाणं, नाटक यांच्या आधाराने मूल मोकळं कसं होतं, आपल्या विहारात हे कसं करता येईल, आणि कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचं, या तीन गोष्टी समजून घेऊ.

हे फक्त 'वय' आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांपैकी एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. आपल्या देशात बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७.३ टक्के आढळलं. म्हणजे हा एखाद्याच घरातला लाजिरवाणा प्रकार नाही.

या वयात मेंदूतला भावना उसळवणारा भाग जोरात असतो. विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते. म्हणून राग, लाज, भीती लगेच उसळतात आणि त्यांना नाव देणं जमत नाही.

त्यात आपल्या वाडी-वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला आणखी काही येतं. एका खोलीत पाच माणसं, रडायलासुद्धा कोपरा नाही. आडनाव कळल्यावर समोरच्याचा बदललेला सूर. वर्गात सगळ्यांसमोर शिष्यवृत्तीसाठी पुकारलेलं नाव. घरात दारू. दहावीच्या निकालाची धास्ती. अलिबागच्या आसपास आणखी एक गोष्ट दिसते. आई ज्या बंगल्यावर झाडूपोछा करते, तिथल्या मुलांचं आयुष्य आपलं मूल रोज पाहतं आणि मनातल्या मनात तुलना करत राहतं. हे सगळं ते कुणाला सांगणार?

कला नेमकं काय करते?

"तुला काय वाटतं?" हा प्रश्न मुलाला कोंडीत पकडल्यासारखा वाटतो. पण कागद आणि खडू दिला, की नजर आपल्यावरून कागदावर जाते. मनातली गोष्ट बाहेर येऊन समोर बसते. मग मूल स्वतःबद्दल न बोलता चित्राबद्दल बोलू शकतं. "हा माणूस दाराबाहेर का उभा आहे?" याचं उत्तर देणं "तू उदास का आहेस?" यापेक्षा सोपं असतं.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद यांच्याशी मनासारखं काम करू दिलं. सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं द्रव्य, कमी झालं. ज्यांनी पूर्वी कधी चित्र काढलं नव्हतं त्यांनाही फायदा झाला. अभ्यास लहान आहे आणि मोठ्या माणसांवरचा आहे, त्यामुळे त्यावरून फार मोठा दावा करता येणार नाही. पण चित्रकलेचा हात चांगला असायलाच हवा असं नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

लिहिण्याचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्या लिहिल्या काहींना जड वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. गाण्यात श्वास लांब सुटतो, शरीराचा ताण सैल होतो. चारचौघांबरोबर एका ठेक्यावर गाताना 'मी एकटा नाही' हे न सांगता कळतं.

आपल्याला हे नवं नाही

आपल्या समाजाने दुःख आणि अपमान गाण्यातून, जलशातून मोकळा केलेला आहे. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगाव हेच केलं. वामनदादा कर्डक तरुणपणी मुंबईत अक्षर ओळखायला शिकले आणि त्यांची गाणी घराघरात गेली. "अभ्यास सोडून कसली चित्रं काढतोस?" असं म्हणणाऱ्या पालकांनी हेही आठवावं, की एवढा अभ्यास आणि एवढं काम असणारे बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते.

अडचण अशी झाली आहे, की आज मुलांची कला आपल्याला जयंतीलाच आठवते. नृत्यस्पर्धा, चित्रकला स्पर्धा, पहिला-दुसरा-तिसरा नंबर आणि ढाली. ते चालू राहावं. पण स्पर्धेत मूल दुसऱ्याला आवडेल ते काढतं, स्वतःला वाटेल ते काढत नाही. आणि ज्याला बक्षीस मिळत नाही ते आणखी आत मिटतं.

वेगळा रस्ता जवळच ठाण्यात सापडतो. नाटककार रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर २०१४ च्या सुमारास 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलामुलींनी तयार नाटकं पाठ करायची नाहीत. विषय स्वतःच्या आयुष्यातले घ्यायचे, नाटिका स्वतः रचायच्या आणि स्वतःच करायच्या. २०२० मध्ये मतकरी गेले, पण त्यांनी दाखवलेली गोष्ट साधी आहे. वस्तीतल्या मुलाकडे सांगायला भरपूर असतं. कुणीतरी ऐकायला बसावं लागतं.

विहारात चार संध्याकाळी

अलिबागमध्ये शनिवार-रविवार म्हणजे पर्यटकांची गर्दी. आईबाप कामावर, कधी मोठी मुलंही हाताखाली. म्हणून मधला एखादा वार धरा, संध्याकाळी एक तास. १२ ते १८ वयाची दहा-बारा मुलं आणि दोन मोठी माणसं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. साहित्य म्हणून पाठकोरे कागद, तेलखडू, पेन्सिली आणि ढोलकी पुरे. सुरुवातीला सगळ्यांनी दोन मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं. शेवटी प्रत्येकाने एक शब्द सांगायचा. नको असेल तर "पुढे" म्हणायचं.

पहिली संध्याकाळ, चित्र. "आज तुझ्या मनातला समुद्र काढ." आपल्या मुलांना समुद्र सांगावा लागत नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते, हे त्यांनी पाहिलेलं आहे. कुणी खवळलेला समुद्र काढेल, कुणी कोरडी वाळू, कुणी नुसता काळा रंग फासेल. तिन्ही बरोबर. मग एवढंच विचारा, "या पाण्यात तू कुठे आहेस?"

दुसरी संध्याकाळ, लेखन. पंधरा मिनिटं न थांबता लिहायचं. शुद्धलेखन नाही, तपासणी नाही. "मला कुणी विचारलंच नाही की..." असं सुरुवातीचं वाक्य द्या. लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती नाही. हवं तर फाडून टाकावं.

तिसरी संध्याकाळ, गाणं आणि ठेका. ओळखीच्या चालीवर स्वतःच्या दोन ओळी रचायच्या. शाळा, पाणी, बस, मैत्री, काहीही चालेल. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याने टाळी किंवा ढोलकी धरावी. भांडकुदळ म्हणून ओळखलेलं मूल पुष्कळदा ठेका उत्तम धरतं.

चौथी संध्याकाळ, नाटक. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांची रीत इथे कामाला येते. अन्यायाचा छोटा प्रसंग करायचा. समजा, वर्गात एका मुलीला सगळे टाळतात. प्रसंग एकदा शेवटपर्यंत होऊ द्या. दुसऱ्यांदा करताना पाहणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणावं, तिच्या जागी उभं राहावं आणि वेगळं वागून दाखवावं. कुणी शिक्षकांना सांगेल, कुणी मैत्रिणीचा हात धरेल, कुणी ठामपणे उत्तर देईल. अपमानापुढे एकच वाट नसते, हे मूल नाटकात करून पाहतं. मात्र कुणालाही स्वतःची खरी जखम स्वतःच करून दाखवायला लावू नका. प्रसंग नेहमी "एक मुलगा", "एक मुलगी" असाच घ्या.

मोठ्यांनी पाळायचे नियम

नंबर काढू नका. "छान" आणि "वाईट" दोन्ही शब्द टाळा, "यात काय काय आहे ते सांगशील?" असं विचारा. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असे अर्थ स्वतःहून लावू नका. चित्राचा अर्थ काढणाऱ्यालाच ठाऊक. मूल रडलं तर घाईने गप्प करू नका, शेजारी बसा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांच्या चित्रांचे, लिखाणाचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. एकदा विश्वास तुटला, की ते मूल पुन्हा खडू हातात घेणार नाही. विहारात बोललेलं विहारातच राहील, हे पहिल्याच दिवशी सांगा. पण अपवादही तेव्हाच सांगा. कुणी स्वतःला संपवण्याचं बोललं, किंवा कुणाशी गैरवर्तन होत असल्याचं कळलं, तर ते गुपित ठेवता येणार नाही. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे.

आधार आणि उपचार यांत फरक आहे

क्षयरोगातून उठताना चित्रांचा आधार घेतलेले ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ केला. आज ती प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने करायची उपचारपद्धती आहे. आपण विहारात करू तो आधार आहे, उपचार नाही. ताप आलेल्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवणं योग्यच, पण ताप उतरत नसेल तर दवाखाना गाठावाच लागतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास किंवा चिडलेलं आहे, झोप-जेवण बिघडलं आहे, मित्र तोडले आहेत, शाळा नकोशी झाली आहे, हातावर कापल्याच्या खुणा आहेत, नशा सुरू झाली आहे, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलणं किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकणं ही तर धोक्याची घंटा. अशा वेळी मुलाला एकटं सोडू नका आणि "मरायचे विचार येतात का?" असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट, मुलाच्या मनावरचं ओझं हलकं होतं.

'टेलि-मानस'चा क्रमांक १४४१६. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन केसपेपर काढताना "मानसोपचार विभागात दाखवायचं आहे" असं न लाजता सांगा. पोलीस केसच्या भीतीने कुणी मुलाला घरात लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला उपचार व आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. आणि भगत-देवऋषीकडे एक दिवसही घालवू नका. आपण तो रस्ता केव्हाच सोडला आहे.

या आठवड्यात एवढं करा

विहार समितीची बैठक होईल तेव्हा होईल. आज रात्री जेवण झाल्यावर टीव्ही बंद करा, दोन कागद घ्या. एक मुलाला द्या, एक स्वतः घ्या. "आजचा दिवस कसा गेला ते आपण दोघं काढू" म्हणा. तुमचं चित्र वाकडंतिकडं येईल, मूल हसेल. हसू द्या. मग आधी तुमचा दिवस सांगा, कामावर काय लागलं, कशाची भीती वाटली तेही सांगा. आईबापांनाही मन असतं, हे त्याला कदाचित पहिल्यांदाच कळेल.

पहिल्या रात्री ते काही बोलणार नाही. कागद मात्र तिथेच राहू द्या.