नाताळची चांदणी : हस्तव्यवसायाचा एक पाठ

वसईत व गोव्यात ख्रिस्ती घरांवर नाताळात कागदी चांदणी टांगतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना वाट दाखविणारा जो तारा आहे, त्याची ती खूण होय. दिवाळीचा आकाशकंदील केलेल्या मुलांना हे काम अवघड नाही.

बांबूच्या ६० सें.मी. लांबीच्या दहा पातळ कामट्या घ्याव्यात. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सें.मी.वर खूण करावी. पाच कामट्या खुणांवर एकमेकींना छेदतील व त्यांची टोके जुळतील अशा बांधल्या की एक चांदणी होते. बहुतेक मुलांची चांदणी येथेच वाकडी होते. दोष हाताचा नसून मापाचा असतो. म्हणून शिक्षकांनी ती स्वतः सरळ करून न देता मुलाकडून पुन्हा मोजून घ्यावे. वेळ लागतो, लागू द्यावा.

अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके बांधावीत, मधल्या पाच छेदांत १० सें.मी.चे टेकू बसवावेत व खळीने पतंगाचा कागद चिकटवावा. मागील एक त्रिकोण उघडा ठेवावा. आत पणती वा मेणबत्ती कदापि ठेवू नये. कागद क्षणात पेटतो. लहान एलईडी दिवा पुरतो, आणि तो घरातील मोठ्या माणसानेच जोडावा.