काम शिकणाऱ्याचा मोबदला

आमच्या गावच्या आबांचा धाकटा मुलगा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे काम शिकला. पास झाला. मग तालुक्याच्या गावी एका ट्रॅक्टर-गॅरेजात जाऊ लागला. मालक म्हणाला, "आधी हात बसू दे. पगाराचे मागाहून बघू."

आबा मला विचारायला आले. मी म्हणालो, "आबा, शिकू द्या त्याला. पैशाकडे बघू नका." मी हेडमास्तर होतो. आबांनी माझा शब्द मानला.

अकरा महिने गेले. एके संध्याकाळी आबा पुन्हा आले. हातात वही होती. साक्षरता वर्गात शिकलेला हिशेब त्यांनी मांडला होता.

"गुरुजी, एस्टी आन् चहा मिळून रोजचे ५० रुपये. महिन्याचे २६ दिवस. म्हंजे १,३००. अकरा महिन्यांचे १४,३००. पोरगं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मालकाची इंजिनं खोलतंय, जोडतंय. आन् पैसे जात्यात माझ्या घरातनं. ह्याला शिकणं म्हणायचं का?"

हिशेब बरोबर होता. माझा सल्ला चुकला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आयटीआयमध्ये गेलो. शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या साहेबांनी नीट समजावून सांगितले. आपल्या देशात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

१. मालक व उमेदवार यांच्यात लेखी करार हवा. त्याची सरकारात नोंद हवी. उमेदवार १८ वर्षांखालचा असेल, तर पालकाची सही लागते.

२. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन दिलेच पाहिजे. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास उमेदवाराला महिना किमान ७,००० रुपये ठरले. हे आकडे वेळोवेळी बदलतात. म्हणून चालू आकडा आयटीआयमध्ये विचारावा.

३. परवानगीवाचून जादा वेळ काम घेता येत नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मिळते.

आबांनी विचारले, "सायेब, माझ्या पोराचा करारच न्हाई. मग तो कोण?"

साहेब म्हणाले, "कागद नाही, शिकवणे नाही, आणि रोज कामगाराचेच काम. मग तो कामगारच म्हणायचा. त्याने मजुरी मागावी."

आता कोणी म्हणेल, कॉलेजची मुले महिनाभर बिनपगारी काम बघायला जातात, ते कसे? त्याला इंटर्नशिप म्हणतात. तिच्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण न्याय समजायला एक प्रश्न पुरे आहे. फायदा कोणाचा? मालक वेळ खर्चून शिकवतो आणि मुलगा पाहून शिकतो, तर तक्रार नाही. मुलाच्या घामावर मालकाचे काम निघते, तर मोबदला द्यायला हवा.

पूर्वी गरिबाला वेठीला धरीत. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच.

आबांचा मुलगा आता दुसऱ्या ठिकाणी करारावर शिकतो. विद्यावेतन बँकेत जमा होते. मागच्या मजुरीसाठी कामगार कार्यालयात अर्ज दिला आहे. निकाल अजून यायचा आहे.

मुलाला १८ पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. म्हणून करारावर आबांची सही लागली. आबांनी कागद दोनदा वाचला. एका ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारला. मगच सही केली. पूर्वी ते अंगठा देत असत.

वाचकहो, तुम्हीही असेच करा. आधी वाचा, मग सही करा.

कठीण शब्द
मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे
करार – दोघांनी लिहून केलेला ठराव
विद्यावेतन – काम शिकत असताना मिळणारे पैसे
वेठबिगारी – सक्तीने, फुकट करून घेतलेले काम

प्रश्न
१. आबांनी वहीत कोणता हिशेब मांडला होता?
२. गुरुजींचा सल्ला का चुकला?
३. तुमच्या गावातील कोणी मुलगा किंवा मुलगी असे फुकट काम करते का? त्यांचा करार झाला आहे का, ते विचारा.