सॅम्पल जादा, बर्फ नको

डिसेंबरात माझी धाकटी बहीण न्यू जर्सीहून पुण्याला येते. बरोबर नवरा आणि दोन मुलं. गेल्या खेपेला पहिल्याच रविवारी 'मुलांना सोसेल असं' म्हणून आम्ही मॉलमधल्या एका हॉटेलात जेवलो. पाच जणांचं बिल झालं 4,260 रुपये आणि मुलांनी खाल्लं काय, तर पास्ता. पुढच्या शनिवारी तेच पाच जण सकाळी आठ ते दुपारी एक मंडई-तुळशीबागेत हिंडलो. जाणं-येणं, नाश्ता, मस्तानी, भाजी, खरेदी सगळं धरून 3,365. तुमच्याकडेही पाहुणे यायचे असतील तर हा हिशेब कामाला येईल. भाव मी स्वतः मोजलेले आहेत. गाडीगणिक पाच-दहा रुपये इकडेतिकडे धरा.

त्या हॉटेलाच्या बिलात सर्व्हिस चार्जही होता, तो आम्ही मुकाट भरला. तो भरणं ग्राहकाच्या मर्जीवर असतं. बिलात आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 चे निर्देश आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. 'तेवढा काढून द्या' म्हणायचं. नाहीच ऐकलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा.

आता पैशांचं. गाडीवर परदेशी कार्ड चालत नाही आणि दहाच्या चहाला पाचशेची नोट काढली की चहावाल्याचा चेहरा बघवत नाही. बहिणीची पहिल्या दिवशी हीच गत झाली. वर पर्समधून निघाल्या जपून ठेवलेल्या दोन हजारांच्या दोन नोटा. त्या मे 2023 मध्येच चलनातून मागे घेतल्या गेल्या, दुकानदार हातात धरत नाही. त्या बदलायच्या तर रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत. पुण्याचं नाव त्या यादीत नाही, मुंबई किंवा बेलापूर गाठा, नाहीतर टपालाने पाठवा. तिकडूनच निघताना एक काम करून ठेवावं. एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, अमिरातीसह ठरावीक देशांच्या मोबाइल नंबरवरही यूपीआय सुरू होतं. फक्त तो नंबर बँकेत नोंदलेला हवा आणि ही खटपट इथे आल्यावर करत बसलात तर सुट्टी त्यातच जाते. परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं पाकीट आहे, पासपोर्ट-व्हिसा दाखवून त्यात पैसे भरून घेता येतात. एटीएमने 'डॉलरमध्ये वळते करू का' असं विचारलं तर नाही म्हणावं, रुपयांतच घ्यावेत. त्या सोयीचा दर बहुतेक वेळा आपल्या तोट्याचा असतो. शिवाय घरातल्या कुणीतरी दहा-वीस-पन्नासच्या नोटांचं एक बंडल आधीच करून ठेवावं. ते काम माझ्याकडे होतं.

मंडई मेट्रो स्टेशन सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालं आणि लक्ष्मी रस्त्यावर गाडी कुठे लावायची ही चिंता मिटली. तिकीट 10 ते 35 रुपये, शनिवार-रविवारी 30 टक्के सूट. येताना पिशव्या होत्या म्हणून रिक्षा केल्या, पाच जणांना दोन लागतात. मीटर पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17. प्रवासाचे एकूण सुमारे 300 झाले.

नाश्त्याला मिसळ. पुण्यात बेडेकर, रामनाथ, श्रीकृष्ण यांवरून घराघरांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. थाळीत आधी पोहे, त्यावर बटाट्याची भाजी, चिवडा, शेव, कांदा-कोथिंबीर आणि मग वरून रस्सा ओतला की शेव हळूहळू खाली बसते. ती बसायच्या आत पहिला घास घ्यायचा. बऱ्याच जुन्या ठिकाणी पाव मिळत नाही, स्लाइस मिळतात. वरच्या रश्श्याला पुण्यात 'सॅम्पल' म्हणतात. मेहुण्यांनी 'एक्स्ट्रा ग्रेव्ही' मागितली तेव्हा पोऱ्या नुसता बघत राहिला. सॅम्पल कुठे फुकट असतं, कुठे एका वाटीपुरतं, कुठे दर वाटीला पैसे पडतात. जादा स्लाइसचे मात्र पडतातच. बसल्या बसल्या विचारून घ्यावं, त्यात लाज कसली? तीन मिसळ प्रत्येकी 120 म्हणजे 360, मुलांना साबुदाणावड्याच्या दोन प्लेटी 120, तीन चहा 45. झाले 525.

गाडीवरचे भाव थोडक्यात सांगते. वडापाव 15 ते 25, दाबेली 20 ते 30, पोहे 25 ते 35, भेळ 40 ते 60, पाणीपुरीची प्लेट 30 ते 40, भाजलेलं कणीस 30 ते 40, अमृततुल्यचा चहा 10 ते 15. उसाचा रस 20 ते 30, आणि 'बर्फ नको' म्हटलं की पाच रुपये जास्त, कारण बर्फाच्या जागी रसच भरावा लागतो. हे पाच रुपये खुशाल द्या. तिकडे वाढलेल्या पोटाला पहिला त्रास होतो तो बहुधा पाण्याने आणि बर्फाने. वड्याने क्वचितच, तो तर उकळत्या तेलातून आलेला असतो.

म्हणून पहिल्या चार दिवसांत मुलांना जे समोर तळलं, भाजलं किंवा उकळलं तेवढंच. वडा, भजी, कणीस, चहा. पाणीपुरी आठवड्याने, तीही ओळखीच्या ठिकाणी. कापून ठेवलेली फळं, पातळ हिरवी चटणी, उघड्यावरचा कांदा यांना हात लावायचा नाही. कढईत दर पाच मिनिटांनी नवा घाणा पडतोय अशी गाडी शोधायची. रिकाम्या गाडीवर रचून ठेवलेले वडे बघून पुढे चालू लागायचं. परवान्याचा 14 आकडी क्रमांक लावलेला असला तर उत्तम, पण मी आधी बघते ते फडकं आणि पाण्याची बादली. वर्तमानपत्रात बांधून देऊ लागला तर थांबवावं. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून अन्न नियामकाची त्याला मनाई आहे. आम्ही घरून एक डबाच नेतो. पाणीही घरचंच. बाटली घेतलीच तर सील बघा आणि छापील किमतीवर 'थंड करायचे' म्हणून जास्त देऊ नका.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लशींबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी तिथल्या डॉक्टरांना विचारावं. घरात ओआरएसच्या पुड्या आणून ठेवाव्यात. वीस-पंचवीस रुपयांची पुडी. केमिस्टकडे गोड पेयाचे चकचकीत खोकेही असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. ज्या पेयांत जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र नाही, त्यांना 'ओआरएस' हे नाव वापरायला ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी झाली. पुडीवर सूत्र छापलेलं असतं आणि पाण्याचं मापही. ते माप पाळायचं, चमचाभर पाण्यात कालवायची नाही.

मिसळीनंतर मंडई. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी, मनोऱ्याची इमारत इंग्रजी अमदानीतली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. भाचीला मनोऱ्यापेक्षा मटार सोलून खायला देणाऱ्या मावशी जास्त आवडल्या. इथे भाव पावशेराचा सांगतात की किलोचा हे आधी स्पष्ट करून घ्या. 'वीस' ऐकून खूश झालात आणि निघाला पावाचा भाव, असं होतं. पालेभाजी जुडीवर, काही गोष्टी वाट्यावर. डिसेंबर-जानेवारीत जे घ्यायचं तेच आम्ही घेतलं: मटार तीन किलो 180, गाजरं दोन किलो 80, सोलाण्याच्या तीन जुड्या 60, अर्धा किलो बोरं 40 आणि स्ट्रॉबेरीचा एक लहान डबा 70. मिळून 430. स्ट्रॉबेरीच्या डब्यात वरची फळं लाल आणि खालची पांढरी असतात, डबा उलटा करून बघा. कापडी पिशवी न्या.

तुळशीबागेत मात्र वेळ काढूनच जावं. भातुकलीच्या दुकानात बंब, चूल, जातं, कंदील सगळं पितळेचं, हाताच्या तळव्यावर मावेल एवढं. भाचीने बंबाची तोटी फिरवून बघितली आणि मग तिथून हलेना.

"काका, सेट केवढ्याला?"

"पंधराशे."

"ताई, फिफ्टीन हंड्रेड इज ओन्ली..." बहीण सुरू झाली, तिला मी कोपराने ढोसलं.

"काका, मी इथलीच आहे. वजन करा बघू."

इथे हीच मेख आहे. पितळ-तांबं वजनावर आणि वर घडणावळ, त्यामुळे काट्यावर ठेवलं की बोलायला आधार मिळतो. 1,150 ला सेट आला. जिथे 'एकच भाव' अशी पाटी आहे तिथे घासाघीस करू नका, अपमान होतो, तोही पुणेरी पद्धतीचा. रस्त्यावरच्या कानातल्यांना पाटी नसते. तिथे सांगितलेल्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर सौदा होतो. भाव मराठीत विचारावा, डॉलरचं गणित मोठ्याने करू नये आणि हातात फोन धरून फोटो काढत भाव करू नये. मोत्याची नथ 150, कानातल्यांचे दोन जोड 120, संक्रांतीच्या वाणाला बारा करंडे 300. तुळशीबागेचे एकूण 1,720.

शेवटी मस्तानी. तीन घेतल्या 130 प्रमाणे, 390 झाले. पाच जणांना तीन पुरतात. चौथी मागवली की अर्धी टाकावी लागते.

परत जातानाच्या बॅगेबद्दल दोन गोष्टी. लोणचं, तूप हातातल्या बॅगेत नको, तेल गळेल अशी बरणीही नको. अमेरिकेत उतरल्यावर खायचं सगळं जाहीर करायचं. भाकरवडी, चिवडा, मसाले यांना सहसा अडचण येत नाही, ताजी फळं आणि कढीपत्ता मात्र नेऊच नये. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते ज्वलनशील मालात धरतात. हे बहिणीला विमानतळावर कळलं. वाट्या मी घरी घेऊन आले, परवा त्यांचीच लसणीची चटणी केली.